शंभर वर्षांत दहा सुपरनोव्हा : एनजीसी ६९४६ मध्ये नेमकं चाललंय काय?

ध्रुवमत्स्य (धागाकर्ता)

वृषपर्वा आणि हंस या तारकासमूहांच्या सीमेवर एनजीसी ६९४६ नावाची एक सर्पिल दीर्घिका आहे. विल्यम हर्शेलने ती ९ सप्टेंबर १७९८ रोजी शोधली. आपल्याला ती जवळजवळ समोरून दिसते, त्यामुळे फोटोत तिच्या भुजा छान उलगडतात. पण दुर्बिणीत डोळ्याने पाहायला गेलात तर निराशाच होते. आकाशगंगेच्या पट्ट्याला ती इतकी लागून आहे की आपल्याच धुळीच्या आणि ताऱ्यांच्या गर्दीतून तिच्याकडे पाहावं लागतं.

तिचं नाव झालं ते वेगळ्या कारणाने. १९१७, १९३९, १९४८, १९६८, १९६९, १९८०, २००२, २००४, २००८ आणि २०१७ : एका शतकात तिथे दहा सुपरनोव्हा (अतिनवतारे) नोंदले गेले. दुसऱ्या कुठल्याही साध्यासुध्या, टकरीत न सापडलेल्या दीर्घिकेच्या खात्यावर एवढी नोंद नाही. आणि आपली आकाशगंगा? नुसत्या डोळ्यांनी दिसलेला आपला शेवटचा सुपरनोव्हा १६०४ चा, केपलरच्या काळातला. तेव्हा दुर्बीणही आकाशाकडे वळली नव्हती.

हे असं का, याचं एका ओळीतलं उत्तर सगळीकडे मिळतं : तिथे तारे भराभर जन्मतात. मला ती ओळ जरा उलगडायची आहे, कारण ती पूर्णपणे पुरते असं मला वाटत नाही.

तारे थंड वायूतून जन्मतात. रेण्वीय हायड्रोजनचे प्रचंड ढग, तापमान १० ते २० केल्विन, वस्तुमान हजारो ते लाखो सूर्यांएवढं. एवढ्या थंडीत हायड्रोजनचा रेणू काही प्रकाश टाकत नाही, म्हणून त्याच्यासोबत असलेल्या कार्बन मोनॉक्साइडचा २.६ मिलिमीटर तरंगलांबीचा संदेश पकडून हे ढग शोधतात. एनजीसी ६९४६ मध्ये हा माल भरपूर आहे. भुजांमध्ये वायू दाबला जातो, आणि मध्यभागी असलेल्या छोट्या दांड्यामुळे बराच वायू केंद्राकडे ओढला जाऊन तिथेही तारानिर्मितीचा जोर आहे. एका भुजेजवळ तर पॉल हॉज यांनी १९६७ मध्ये दाखवलेला एक अजब गोल पुंजका आहे : सुमारे दोन हजार प्रकाशवर्षे रुंद, तरुण ताऱ्यांनी खच्चून भरलेला, त्यात लाखो सूर्यांच्या वजनाचा एक समूह. असं काही आपल्या आकाशगंगेत आपल्या परिसरात कुठेच नाही.

आता हिशेब. ढगातून तारे बनतात तेव्हा लहान तारे ढीगभर आणि मोठे अगदी मोजके, हे प्रमाण बहुतेक ठिकाणी सारखंच असतं. ढोबळमानाने १०० सूर्यांएवढा माल ताऱ्यांत बदलला, तर त्यातून एखादाच तारा सूर्याच्या आठपट किंवा अधिक वजनाचा निघतो. सूर्याचं आयुष्य १००० कोटी वर्षांचं, आठ सूर्यांच्या ताऱ्याचं तीन-चार कोटी वर्षं, पंचवीस सूर्यांच्या ताऱ्याचं जेमतेम ७०-८० लाख. इंधन जास्त, पण उधळपट्टी त्याहून कितीतरी जास्त. शेवटी गाभ्यात लोखंड साठतं, ते जाळून काही मिळत नाही, आणि गाभा सुमारे १.४ सूर्यांच्या पुढे गेला की चंद्रशेखर मर्यादेचा दणका बसतो. सेकंदभराच्या आत गाभा कोसळतो. बाहेर पडणाऱ्या ऊर्जेतली ९९ टक्के न्यूट्रिनो घेऊन जातात. आपण ज्याला भव्य स्फोट म्हणतो तो प्रकाश त्या हिशेबात अगदीच किरकोळ रक्कम आहे.

सर्पिल दीर्घिकेला एक फेरी पूर्ण करायला वीसएक कोटी वर्षं लागतात. म्हणजे हे मोठे तारे जन्मल्या भुजेतून फारसे बाहेर न पडताच संपतात. एखाद्या गावात जन्मांची नोंदच ठेवली नसेल आणि फक्त तान्ह्या मुलांच्या मृत्यूंची वही हाती आली, तर तिच्यावरूनही त्या वर्षांत किती जन्म झाले असतील याचा अंदाज बांधता येतो. सुपरनोव्हांची यादी ही तशी वही आहे. ती गेल्या काही कोटी वर्षांतली तारानिर्मिती सांगते, त्याआधीची नाही.

एक अपवाद बाजूला काढायला हवा. टाइप १-ए सुपरनोव्हा श्वेतबटूंच्या (सूर्यासारख्या ताऱ्यांच्या मरणानंतर उरलेल्या गाभ्यांच्या) स्फोटातून होतात, ते म्हाताऱ्या ताऱ्यांच्या वस्तीतही होतात, म्हणून ते या वहीत धरायचे नाहीत. एनजीसी ६९४६ मधल्या ज्या स्फोटांचा प्रकार नीट ठरवता आला ते मात्र सगळे गाभा कोसळण्याच्या जातकुळीतले आहेत.

थोडा इतिहास, कारण मला तो फार आवडतो. जुलै १९१७ मध्ये जॉर्ज रिची यांनी माउंट विल्सनच्या ६० इंची दुर्बिणीने घेतलेल्या फोटोत या दीर्घिकेत नवा ठिपका दिसला. तेव्हा सर्पिल 'तेजोमेघ' आपल्या आकाशगंगेच्या आत आहेत की बाहेर, हेच ठरलेलं नव्हतं. रिचींनी जुन्या फोटोंच्या काचा पुन्हा तपासल्या, लिक वेधशाळेत हेबर कर्टिस यांनीही तेच केलं, आणि सर्पिलांमध्ये आणखी नवतारे (अचानक काही काळ उजळणारे तारे) सापडत गेले. ते इतके मंद होते की सर्पिलं खूप दूरच असली पाहिजेत, असा कर्टिस यांचा दावा. सर्पिलं आत की बाहेर यावर खगोलशास्त्रज्ञ हार्लो शॅप्लींबरोबर १९२० मध्ये झालेल्या वादात त्यांनी हा मुद्दा हिरिरीने वापरला. गंमत अशी की १९१७ चा तो ठिपका साधा नवतारा नव्हताच. नवतारा आणि सुपरनोव्हा यांत हजारो पटींचा फरक आहे हे बाडे आणि झ्विकी यांनी १९३० च्या दशकात स्पष्ट केलं. आणि याच दीर्घिकेतला दुसरा, १९३९ चा, स्वतः झ्विकींनीच शोधला.

शंभर वर्षांनी दहावा सापडला तो १४ मे २०१७ ला, अमेरिकेतल्या युटामधल्या पॅट्रिक विगिन्स या हौशी निरीक्षकाला.

तर प्रश्न असा : दहा हा आकडा तारानिर्मितीच्या दराने खरंच भागतो का? मंडळी, बोला.

---

प्राजक्ता_

मस्त धागा. एक बाळबोध शंका. ही दीर्घिका दोन-अडीच कोटी प्रकाशवर्षे दूर म्हणता, मग ते तारे तर केव्हाच फुटून गेले. 'शंभर वर्षांत दहा' म्हणायला अर्थ आहे का?

---

ध्रुवमत्स्य

प्राजक्ता, शंका बाळबोध नाही. उशीर सगळ्यांनाच जवळपास सारखा आहे, म्हणून दर तोच राहतो. पण 'जवळपास' या शब्दात मजा आहे. दीर्घिकेची चकती आपल्याकडे थोडी कललेली आहे, एक कड जवळ, एक लांब, आणि त्या दोहोंतलं अंतर हजारो प्रकाशवर्षांचं. त्यामुळे २००२ मध्ये दिसलेला तारा आणि २००४ मध्ये दिसलेला तारा यांत आधी कोण फुटला हे आपल्या तारखांवरून सांगताच येत नाही. दोघांत प्रत्यक्षात हजारो वर्षांचं अंतर असू शकतं, तेही उलट्या क्रमाने.

---

टवाळ

वृषपर्वा म्हणजे दैत्यांचा राजा. त्याच्या पदरी शुक्राचार्य, संजीवनी विद्येवाले. म्हणजे तिथे मेलेले परत उठवायची सोय आहे, म्हणून पुन्हा पुन्हा मरतात. प्रश्न सुटला, धागा बंद करा.

---

सानेकाकू

टवाळ, तू हसतोस, पण मेलेल्या ताऱ्यांतून नवे तारे होतात हे तर खरंच आहे ना? आपल्या रक्तातलं लोह ताऱ्यांतून आलं असं वाचलंय.

---

ध्रुवमत्स्य

काकू, खरं आहे, फक्त लोहाचा मोठा हिस्सा त्या दुसऱ्या जातीच्या, श्वेतबटूंच्या स्फोटातून येतो. गाभा कोसळणाऱ्या ताऱ्यांकडून मुख्यतः ऑक्सिजन आणि त्याच्या आसपासची मूलद्रव्यं. धुळीचंही तसंच. एनजीसी ६९४६ मधल्या २००४ च्या सुपरनोव्हाकडे जेम्स वेब दुर्बिणीने जवळपास अठरा वर्षांनी पाहिलं, तर सूर्याच्या वस्तुमानाच्या एक टक्क्याहून जास्त धूळ तिथे सापडली. ऐकायला कमी वाटतं, पण ती पृथ्वीच्या वजनाच्या हजारो पट आहे.

---

मास्तर_कोपरगाव

लेख आवडला, पण 'का' विचारण्याआधी मला 'किती आश्चर्य वाटायला हवं' हे मोजायचं आहे.

समजा या दीर्घिकेचा खरा सरासरी दर शंभर वर्षांत पाच आहे. स्फोट एकमेकांशी संबंध न ठेवता होतात, म्हणून प्वासाँ वितरण (अशा सुट्या घटनांच्या शक्यतेचं गणित) लावता येतं. पाच सरासरी असताना दहा किंवा अधिक दिसण्याची शक्यता सुमारे ३ टक्के निघते. एकच दीर्घिका आधीपासून ठरवून पाहिली असती तर ३ टक्के म्हणजे भुवया उंचावण्यासारखं. पण आपण काय केलंय? जवळच्या कित्येक दीर्घिकांवर नजर ठेवली आणि त्यातली जिचा आकडा सर्वात मोठा, तिच्यावर धागा काढला. अशा पन्नास दीर्घिका धरल्या तर त्यातल्या एक-दोघींचा आकडा निव्वळ योगायोगाने दहाच्या पुढे जायलाच हवा.

तारखाही पाहा. १९१७ ते १९३९ बावीस वर्षं काही नाही. १९८० ते २००२ पुन्हा बावीस वर्षं शुकशुकाट. मग सहा वर्षांत तीन. मुलांना वाटतं योगायोग म्हणजे सारख्या अंतराने पडणं. उलट, योगायोग हा असा गुच्छागुच्छानेच येतो.

---

कॅलगरीकर

मास्तरांना जोड. ही दीर्घिका +६० अंश क्रांतीवर, म्हणजे आकाशातल्या विषुववृत्ताच्या ६० अंश उत्तरेला आहे. आम्ही इथे ५१ अक्षांशावर राहतो, आम्हाला ती कधी मावळतच नाही. अगदी खाली गेली तरी क्षितिजापासून वीसएक अंश वर. म्हणजे उत्तरेकडच्या वेधशाळांना तिच्यावर वर्षभर पाळत ठेवता येते. याउलट राशीचक्राजवळच्या दीर्घिका दरवर्षी काही महिने सूर्याच्या उजेडात बुडतात. त्या काळात तिथे एखादा तारा फुटून विझला तरी कुणाला पत्ता लागत नाही.

शिवाय नावलौकिकाचा परिणाम. ही 'फटाक्यांची दीर्घिका' म्हणून प्रसिद्ध आहे, म्हणून प्रत्येक हौशी माणूस आधी तिचाच फोटो काढतो. जिथे जास्त बघाल तिथे जास्त सापडेल.

(इथे उन्हाळ्यात अंधार नीट होतच नाही आणि हिवाळ्यात उणे पंचवीसमध्ये दुर्बिणीचं वंगण गोठतं, हेही सांगून ठेवतो. फुकट काही मिळत नाही.)

---

अवली

मला उलट वाटतं. दहा हा आकडा कमीच आहे. १९१७ ते १९८० पर्यंत कुणी रोज बघत नव्हतं. काचेवर कधीतरी फोटो निघायचा. शिवाय धूळ. २००२ च्या सुपरनोव्हापुढे इतकी धूळ होती की त्याचा दृश्य प्रकाश सुमारे शंभर पट मंद होऊन आपल्यापर्यंत आला. तो १९४० मध्ये झाला असता तर काचेवर उमटलाही नसता. तेव्हा मास्तरांची सरासरी पाच नसून दहा-बारा असू शकते.

---

मास्तर_कोपरगाव

अवली, असू शकते. दहा हा आकडा खरोखर सरासरी दहावरूनही येतो आणि पाचवरूनही येऊ शकतो, एवढंच माझं म्हणणं. केवळ मोजणीवर, दहामागे तीन कमी-जास्त एवढी चूक तर सहज धरावी लागते. दुसऱ्या वाटेने दर काढला पाहिजे. ध्रुवमत्स्य, तारानिर्मितीचा दर वेगळा मोजलाय ना कुणी?

---

ध्रुवमत्स्य

मोजलाय, आणि इथेच खरी गोष्ट आहे.

मोठे तारे अतिनील प्रकाश ओततात. त्याने आजूबाजूचा हायड्रोजन आयनित होतो आणि ६५६.३ नॅनोमीटरला लाल चमकतो, हीच ती एच-आल्फा रेषा. फोटोतले गुलाबी ठिपके म्हणजे तेच. जो अतिनील प्रकाश धूळ गिळते, तो अवरक्तात बाहेर येतो. दोन्हींची बेरीज केली की दरवर्षी किती सूर्यांचा माल ताऱ्यांत जातोय हे निघतं.

आपल्या आकाशगंगेत हा दर दरवर्षी साधारण दोन सूर्य. वरचं प्रमाण लावा (१०० सूर्यांमागे एक स्फोट) : शतकात दोन सुपरनोव्हा. हे जुळतं. एनजीसी ६९४६ ला शतकात दहा हवे असतील तर दरवर्षी दहा सूर्य हवेत. जुन्या मोजण्यांत मात्र तीन ते पाचच निघायचे. म्हणजे तूट जवळपास निम्म्याची.

मग २०१८ मध्ये अंतर सुधारलं गेलं. आधी बरेच जण १८-१९ दशलक्ष प्रकाशवर्षे धरायचे, काही ठिकाणी अजून २२ छापलेलं दिसेल. हबलने तिथले एकेकटे तांबडे राक्षसी तारे मोजून, त्यांची कमाल तेजस्विता किती असते या पट्टीने अंतर काढलं, ते आलं सुमारे २५ दशलक्ष, म्हणजे अडीच कोटी प्रकाशवर्षे. दीर्घिका लांब गेली की तिची खरी चमक अंतराच्या वर्गाने वाढते. १९ ऐवजी २५ म्हणजे चमक सुमारे १.७ पट, आणि तारानिर्मितीचा दरही तेवढाच वर. पाचाचे साडेआठ झाले. सुपरनोव्हांची संख्या मात्र अंतर बदललं म्हणून बदलत नाही, दहा ते दहाच. तूट बरीचशी भरून निघाली, आणि उरलेली मास्तरांच्या तीनच्या चुकीत मावते.

म्हणून माझं मत असं : ती खरंच तारे भराभर घडवते, आपल्या चौपट-पाचपट. पण ती विश्वविक्रमी ठरली ते त्यावर थोडं नशीब, वर्षभर दिसण्याची सोय आणि लोकांचं लक्ष यांची भर पडल्यामुळे. दक्षिण गोलार्धातली एम ८३ पाहा. तिथेही तारानिर्मिती जोरात, १९२३ ते १९८३ मध्ये सहा सुपरनोव्हा, आणि १९८३ नंतर चाळीस वर्षं उलटली तरी एक नाही. कन्या राशीतल्या एम ६१ च्या खात्यावर आठ आहेत, २०२० पर्यंतचे. आज विक्रम कुणाच्या नावावर आहे यावरून फार काही शिकू नये.

---

खोडदचा_शेजारी

वाचतोय कालपासून, आता राहवत नाही.

२००४ च्या सुपरनोव्हाशी आपला थेट संबंध आहे. लडाखमध्ये हान्लेला ४५०० मीटर उंचीवर जी दोन मीटरची हिमालयन चंद्रा दुर्बीण आहे, तिच्यावरून डी. के. साहू, जी. सी. अनुपमा आणि सहकाऱ्यांनी त्याचा प्रकाश आणि वर्णपट बराच काळ टिपला. दुर्बीण लडाखात आणि चालवणारे बंगळूरजवळ होसकोट्याला, उपग्रहावरून. आणि रेडिओ लहरींत तो पाहिला गेला तो आमच्या नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवरून. गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या ४५ मीटरच्या तीस तबकड्या. रस्त्यावरून जाताना लोक विचारतात, याच्यावर कुठले चॅनल लागतात. काय सांगणार!

जीएमआरटीवरून अख्खी दीर्घिकाही ३३३ मेगाहर्ट्झला पाहिली गेली आहे, आणि ते या धाग्याच्या विषयाशी नीट जोडलेलं आहे. सुपरनोव्हाचा धक्का वायूत घुसतो तेव्हा इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या जवळ नेले जातात. ते चुंबकीय क्षेत्राभोवती गिरक्या घेतात आणि रेडिओ लहरी सोडतात. एक सुपरनोव्हा काही महिन्यांत मंद होतो, पण त्याने पळवलेले इलेक्ट्रॉन लाखो-कोटी वर्षं दीर्घिकेत भटकत राहतात. म्हणजे रेडिओत दिसणारी ती सौम्य चमक ही जुन्या असंख्य स्फोटांची साठलेली बेरीज. अवलींचा आक्षेप (कुणी बघत नव्हतं) इथे लागू होत नाही. शिवाय रेडिओ लहरींना धुळीचा अडथळाही नाही.

आणि ही रेडिओ चमक अवरक्त चमकेशी फार छान जुळते. एकीचं कारण मोठ्या ताऱ्यांचं मरण, दुसरीचं कारण मोठ्या ताऱ्यांनी तापवलेली धूळ. जन्म आणि मृत्यू दोन्हीकडून एकच उत्तर.

अजून एक. या दीर्घिकेत चुंबकीय क्षेत्राचे सर्वात सुबक पट्टे ताऱ्यांच्या भुजांवर नसून दोन भुजांच्या मधल्या रिकाम्या जागेत आहेत. जर्मनीतल्या एफेल्सबर्गच्या १०० मीटर दुर्बिणीच्या कामातून हे १९९० च्या दशकात पुढे आलं. भुजांमध्ये वायू इतका घुसळला जातो की क्षेत्र विस्कटतं, हे एक कारण दिलं जातं. ते घुसळण्यात सुपरनोव्हांचाही हात आहेच.

---

प्राजक्ता_

शेजारी, फारच भारी प्रतिसाद. मग इतके स्फोट होतात तर तिथला वायू उडून जात नाही का? पुढचे तारे कशातून होणार?

---

खोडदचा_शेजारी

उडतो की. हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटरच्या नकाशात या दीर्घिकेच्या चकतीत शंभरावर भोकं मोजली गेली आहेत, नेदरलँड्समधल्या वेस्टरबोर्क दुर्बिणीने. काही भोकं हजारो प्रकाशवर्षे रुंद. एका सुपरनोव्हाने एवढं होत नाही; एका समूहातले अनेक मोठे तारे लागोपाठ फुटले तर वायूचा फुगा चकतीतून बाहेर पडतो. तो बराचसा पुन्हा खाली येतो. शिवाय या दीर्घिकेचा हायड्रोजन तिच्या ताऱ्यांच्या चकतीच्या खूप बाहेरपर्यंत पसरलेला आहे, तेव्हा साठा आहे. ढगातला जेमतेम काही टक्केच वायू ताऱ्यांत जातो, बाकीचा असाच उधळला जातो. तसं नसतं तर सगळा वायू केव्हाच संपला असता.

---

निशाचर

इतकं बोलणं झालं आणि याच दीर्घिकेतल्या न फुटलेल्या ताऱ्याचा विषय कुणी काढला नाही!

अॅरिझोनातल्या लार्ज बायनॉक्युलर टेलिस्कोपने (८.४ मीटरचे दोन आरसे) २००८ पासून २७ दीर्घिकांमधल्या मोठ्या ताऱ्यांची हजेरी घेणं सुरू केलं. उलटा शोध : नवा तारा दिसतो का हे नाही, असलेला तारा गायब होतो का हे. आणि एक सापडला, तोही इथेच. सूर्याच्या साधारण पंचवीस पट वजनाचा तांबडा महाराक्षसी तारा. २००९ मध्ये काही महिने तो दहा लाख सूर्यांहून तेजस्वी झाला, मग मंदावला, आणि पुढे हबलच्या दृश्य प्रकाशातल्या फोटोंत जागा रिकामी. गाभा कोसळला, स्फोट पुरा झालाच नाही, आणि तारा गपकन कृष्णविवरात गेला, असा अंदाज.

मला यात रस आहे कारण सुपरनोव्हा झालेल्या ताऱ्यांचे आधीचे फोटो तपासले तर जड महाराक्षसी तारे त्यात फारसे आढळत नाहीत. सतरा-अठरा सूर्यांच्या वरचे कुठे जातात? गपचूप जात असतील तर ध्रुवमत्स्य यांच्या त्या वहीत त्यांची नोंदच नाही.

---

अवली

पण वेब दुर्बिणीने २०२३ मध्ये त्या जागी एक नाही, तीन स्रोत दाखवले ना? आधीचा 'तारा' म्हणजे तिघांचा मिळून दिसलेला प्रकाश असेल. दोन तारे एकमेकांत मिसळले आणि धुळीआड गेले, हीही शक्यता उभी आहे.

---

निशाचर

हो, म्हणून मी 'अंदाज' म्हटलं. धुळीआड तारा जिवंत असेल तर पुढच्या काही वर्षांत अवरक्तात तो टिकून राहील. कृष्णविवर असेल तर उरलासुरला वायू गिळून झाल्यावर मंदावत जाईल. अडीच कोटी प्रकाशवर्षांवर तीन तारे एका ठिपक्यात मिसळणं अगदी सोपं आहे. २००४ च्या सुपरनोव्हाबाबतही आधी पिवळा महाराक्षसी तारा फुटला असं छापून आलं, मग कळलं की फुटून झाल्यावरही ते तारे तिथेच आहेत. शेजारचेच निघाले.

२००८ चा तर आणखी वादग्रस्त. फुटण्याआधी दृश्य प्रकाशात तिथे काहीच नव्हतं, स्पिट्झर अवकाश दुर्बिणीच्या अवरक्त फोटोत मात्र धुळीत गुरफटलेला तारा होता. स्फोटही नेहमीच्या मानाने दुबळा. तो खरा सुपरनोव्हा होता की ताऱ्याने नुसती साल फेकली, यावर लोक अजून भांडतात. म्हणजे काटेकोरपणे म्हणायचं तर दहा नाही, नऊ आणि एक वादात.

---

टवाळ

विक्रम रद्द! पंचांकडे अपील करा.

---

मास्तर_कोपरगाव

नऊ झाले तरी माझं गणित फारसं हलत नाही. सरासरी पाच धरली तर नऊ किंवा अधिकची शक्यता सुमारे ७ टक्के.

---

सानेकाकू

तुमचं सगळं अडीच कोटी प्रकाशवर्षांवरचं. आमच्या मृगातली काक्षी कधी फुटणार ते सांगा. मध्ये २०१९ च्या शेवटी मंद झाली तेव्हा व्हॉट्सअॅपवर नुसता गोंधळ होता. आणि फुटली तर आपल्याला धोका?

---

ध्रुवमत्स्य

काकू, ते मंद होणं म्हणजे तिने स्वतःच टाकलेल्या धुळीचा पडदा होता. फुटणार नक्की, पण उद्यापासून लाखभर वर्षांत केव्हाही. पाचशे ते सातशे प्रकाशवर्षांवर आहे, त्यामुळे धोका नाही. दिवसाढवळ्या दिसेल एवढं खरं.

आकाशगंगेतही स्फोट होतच आहेत, आपण चकतीच्या आत बसल्यामुळे दिसत नाहीत. शर्मिष्ठेतला 'कॅस ए' (आज त्याचा उरलेला ढग दिसतो) सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात फुटला असावा, पण कुणाची ठाम नोंद नाही. केंद्राजवळचा 'जी १.९' तर १९०० च्या आसपासचा, धुळीमागे झाकलेला. तो एवढा तरुण आहे हे २००८ मध्ये कळलं. एनजीसी ६९४६ मधून कुणी आपल्याकडे बघत असेल तर त्यांच्या यादीत आपले स्फोट आपल्यापेक्षा जास्त असतील.

---

प्राजक्ता_

शेवटचा प्रश्न. आपल्याकडून दिसते का ही? माझ्याकडे आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण आहे.

---

ध्रुवमत्स्य

दिसते, पण जागा अंधारी हवी. पुण्या-मुंबईच्या उजेडात नाद सोडा; वांगणीलाही आता उत्तरेकडचं आकाश पूर्वीसारखं काळं राहिलेलं नाही. भंडारदऱ्याच्या बाजूला जा. ऐन सप्टेंबर पाऊस खातो, म्हणून ऑक्टोबरच्या मध्यात अंधार पडला की लगेच : तेव्हा ती उत्तरेला सर्वात उंच, आपल्याकडून जवळपास ४८ अंशांवर असते. वृषपर्वातला एटा तारा नुसत्या डोळ्यांनी सापडतो. त्याच्यापासून नैऋत्येला दोन अंश सरका. आधी एनजीसी ६९३९ हा तारकागुच्छ लागेल, तो सोपा आहे. दीर्घिका त्याच्यापासून पाऊण अंशाहून कमी अंतरावर, त्यामुळे कमी वर्धनाच्या नेत्रिकेत दोन्ही एकत्र येतात. एक गुच्छ आपल्या आकाशगंगेतला, काही हजार प्रकाशवर्षांवरचा, आणि शेजारी ती धूसर गोल चकती. भुजांची अपेक्षा ठेवू नका. सरळ न बघता थोडं बाजूला बघा, मग चमक जाणवते.

---

कॅलगरीकर

आणि कॅमेरा लावणार असाल तर पहिला स्वच्छ फोटो जपून ठेवा, पुढचे त्याच्याशी ताडून बघता येतात. नवा ठिपका दिसला तर लगेच नाचू नका. आकाशगंगेचा पट्टा मध्ये असल्याने आपलेच रूपविकारी (चमक बदलणारे) तारे तिथे ढिगाने आहेत. दुसऱ्या रात्री पुन्हा फोटो घ्या, जुन्या नकाशांशी जुळवा, आणि तरीही ठिपका उरला तर आंतरराष्ट्रीय खगोल संघाच्या ट्रान्झिएंट नेम सर्व्हरवर नोंदवा. तिथे आधी कुणी नोंदवलाय का हेही दिसतं. बहुधा नोंदवलेला असतो, आजकाल यांत्रिक सर्वेक्षणं झोपत नाहीत.